मराठ्यांच्या पागेची पावसाळी निगा : शाकार, वैरण आणि झूल

(१)

मराठ्यांच्या घोडदळाविषयीं आजवर जें लिखाण झालें आहे, तें बहुधा दसऱ्यापासून सुरू होतें आणि वैशाखांत संपतें. शिलंगण झालें, लष्कर मुलूखगिरीस निघालें, लढाया झाल्या, खंडणी आली, आणि मृगाच्या आधीं स्वाऱ्या परतल्या, कीं इतिहासकाराची लेखणीही छावणीस बसते. परंतु घोडा रणांगणावर जितका मरतो, त्याहून किती तरी अधिक ठाणावर व वाटेवर मरतो, हा सर्व देशांतील घोडदळांचा अनुभव आहे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांत इंग्रजांच्या बाजूचे तीन लाखांच्या आसपास घोडे गेले. त्यांतील थोडेच गोळीनें मेले, बाकीचे उपासमारीनें, थकव्यानें व रोगानें मेले. आपल्याकडेही दसऱ्यास लष्कर किती घोड्यांनिशीं बाहेर पडणार, याचा निकाल आषाढ-श्रावणांतच लागत असे.

प्रस्तुत लेखांत त्या चार महिन्यांतील एका लहानशा परंतु दुर्लक्षित विषयाचा विचार करावयाचा आहे. ओल्या व गार हवेंत ठाणबंद घोड्याच्या अंगावर पांघरूण कोणतें घालावें, केव्हां घालावें आणि केव्हां काढावें, हा तो विषय होय. विलायतेसारख्या देशांत हा प्रश्न हिवाळ्याचा आहे, कारण तेथें थंडी व पाऊस एकत्र येतात. आपल्याकडील हिवाळा कोरडा. ओल आणि गारठा यांची जोडी येथें दिसते ती सह्याद्रीच्या माथ्यावर व त्याच्या दोन्ही अंगांस, पावसाळ्यांत. पन्हाळा व जोतिबाचा डोंगर आमच्या कोडोलीहून फार दूर नाहीं. आषाढांत हे दोन्ही डोंगर दिवसचे दिवस धुक्यांत बुडालेले असतात, आणि वाळत घातलेलें धोतर चार चार दिवस ओलें राहतें. अशा हवेंत शेंकडों घोडीं एका जागीं बांधून निरोगी ठेवणें ही केवढी विद्या असेल, याची कल्पना येथल्या माणसास सहज करतां येते.

या लेखाचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें : पावसाळ्यांत घोड्यास तीन पांघरुणें लागतात. डोक्यावर शाकार, पोटांत वैरण आणि अंगावर झूल. या तिहींत झुलीचा क्रम शेवटचा. परंतु रोजची मेहनत मात्र सर्वांत अधिक तिचीच. हा क्रम ध्यानांत घेतला नाहीं, तर आपल्या दप्तरांतील पागेचे कागद नीट वाचतां येत नाहींत. आणि जे कागद वाचतां येत नाहींत, ते टाकून दिले जातात.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करूं. 'झूल' हा शब्द अरबी-फारसी 'जुल्ल' या शब्दावरून आला असून, त्याचा मूळ अर्थच घोड्याच्या पाठीवरील वस्त्र असा आहे. मराठींत आल्यावर त्याचा विस्तार झाला, व हत्ती, घोडा आणि बैल या तिघांच्याही पाठीवरील आच्छादनास तो लागूं लागला. पोळ्याच्या बैलामुळें व मिरवणुकीच्या हत्तीमुळें आज हा शब्द ऐकतांच डोळ्यांपुढें जरतार व गोंडे उभे राहतात, आणि झूल म्हणजे केवळ शोभेची वस्तु असा समज दृढ होतो. ठाणावरच्या घोड्याची रोजची झूल या समजुतीखालीं झांकून गेली आहे.

शब्द बाहेरचा आला म्हणून वस्तुही बाहेरून आली, असें मात्र मुळींच नाहीं. अमरकोशांत क्षत्रियवर्गांत हत्तीच्या झुलीस प्रवेणी, आस्तरण, वर्ण, परिस्तोम, कुथ असे पर्याय दिले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तर याहून स्पष्ट पुरावा आहे. कोशांत घ्यावयाच्या मौल्यवान् वस्तूंची परीक्षा सांगतांना त्यानें मेंढीच्या लोंकरीच्या वस्त्रांची यादी दिली आहे. तींत कंबल, वारवाण, परिस्तोम इत्यादि नांवांबरोबर 'तुरगास्तरण' असें स्वतंत्र नांव येतें. म्हणजे घोड्यासाठीं वेगळें लोंकरी वस्त्र विणलें जात असे, व तें राजाच्या कोशांत जमा करण्याइतकें मोलाचें मानलें जात असे. त्याच प्रकरणांत नेपाळच्या मालांत 'भिङ्गिसी' नांवाचें आठ पट्टे जोडून केलेलें काळें वस्त्र येतें, व त्यास 'वर्षवारण', म्हणजे पाऊस अडविणारें, असें म्हटलें आहे. चांगल्या लोंकरीचें लक्षण सांगतांना ती स्पर्शास बुळबुळीत व जणूं ओलसर लागावी, असें ग्रंथकार सांगतो. लोंकरीच्या अंगच्या तेलकटपणाची ही अचूक पारख आहे. पाण्याचा थेंब न मुरतां ओघळून जातो तो या तेलकटपणामुळेंच.

'पर्याण' यावरून मराठींत 'पालाण' आलें. 'कंबल' यावरून 'कांबळें' आलें. 'तुरगास्तरण' मात्र लोपलें व त्याची जागा झुलीनें घेतली. अकबराच्या अश्वशाळेचें साहित्य अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी'त नोंदविलें आहे. त्यांत रुई भरलेल्या छिटाची घोड्याची रजई, आणि आयाळीवर घालावयाचें 'यालपोश' नांवाचें वस्त्र, हीं दोन्हीं येतात. उत्तर हिंदुस्थानच्या कोरड्या थंडीस रुईची रजई उत्तम. परंतु तीच रजई कोंकणांत अथवा घाटमाथ्यावर आणली, तर दोन दिवसांत पाणी पिऊन जड होते, वाळत नाहीं, व घोड्याच्या पाठीवर ओल्या पोटिसासारखी बसते. यास्तव एकच 'झूल' हा शब्द दिल्लीच्या व पन्हाळ्याच्या कागदांत आला, तरी वस्तु एक असेलच असें धरून चालूं नये.

(३)

आतां शाकाराकडे वळूं. पावसाळ्यांत घोड्याचें पहिलें पांघरूण म्हणजे छप्पर, ही गोष्ट आपल्या जुन्या शास्त्रकारांस पूर्ण अवगत होती. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील अश्वाध्यक्ष-प्रकरणांत पागेची रचना सांगितली आहे. प्रत्येक घोड्याचें ठाण त्याच्या लांबीइतकें चौरस असावें, भुईवर गुळगुळीत फळ्या बसवाव्या, चाऱ्याची गव्हाण असावी, मूत्र व लीद बाहेर जाण्यास वाट असावी, आणि ठाणाचें तोंड पूर्वेस किंवा उत्तरेस असावें, असा त्याचा मथितार्थ आहे. आपल्याकडे पावसाची झड नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येते. पूर्वाभिमुख किंवा उत्तराभिमुख ठाणांत ती शिरत नाहीं. ग्रंथकाराच्या मनांत हेंच कारण होतें असा माझा आग्रह नाहीं. पण सह्याद्रीच्या आसमंतांत हा नियम उपयोगी पडला असता, हें निश्चित.

फळ्यांच्या भुईचें मर्मही असेंच आहे. ओल वरून येते तितकीच खालूनही येते. ओल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या घोड्याचे खूर कुजूं लागतात, आणि मूत्राच्या उग्र वाफेनें त्याचे डोळे व फुप्फुसें बिघडतात. मग त्याच्या पाठीवर कितीही उत्तम वस्त्र घातलें, तरी त्याचा उपयोग काय? उलट लोंक थंडीच्या भयानें ठाणाच्या खिडक्या व फटी बुजवितात, आंतली वाफ आंतच कोंडते, आणि जी पीडा टाळावयाची तीच ओढवून घेतात. वारा झोंबूं नये पण खेळावा, हा पागेचा पहिला नियम आहे.

याच प्रकरणांत दोन गोष्टी आपल्या विषयास विशेष उपकारक आहेत. एक, अश्वाध्यक्षानें प्रत्येक घोड्याची नोंद त्याचें कुल, वय, वर्ण, चिन्ह, वर्ग आणि तो कोठून आला यांसह ठेवावी असें सांगितलें आहे. म्हणजे पागेचें दप्तर ही कल्पना या देशांत पुरातन आहे. दुसरी, आश्विनांतील नवव्या दिवशीं घोड्यांचें नीराजन करावें असा विधि दिला आहे. खंडेनवमीस शस्त्रांबरोबर घोड्यांची पूजा करण्याची आपली चाल याच परंपरेंतली. पावसाळा निभावून निघालेल्या घोड्याचें तें एका परीनें अभिनंदनच होय.

(४)

शिवकालीन व्यवस्थेसाठीं दोन साधनें मुख्य आहेत. पहिलें कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. ती १६९७ सालीं जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेनें लिहिली गेली. सभासद सांगतो त्याचा आशय असा, कीं पावसाळ्यांत लष्करानें आपल्या मुलुखांत छावणीस यावें. तेथें दाणा, रतीब व औषधें आधींच सिद्ध असावीं, आणि घोड्यांसाठीं व माणसांसाठीं खण गवतानें शाकारून ठेवलेले असावेत. दसरा होतांच लष्करानें कूच करावें. पागेच्या रचनेंत पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद दिलेला आहे. झुलीचा उल्लेख येथें नाहीं; परंतु शाकाराचा आहे, दाण्याचा आहे, औषधाचा आहे. मीं वर सांगितलेला क्रम येथें स्पष्ट दिसतो.

दुसरें साधन म्हणजे चिपळूणनजीक हळवर्ण येथें असलेल्या पागेच्या जुमलेदारांस, हवालदारांस व कारकुनांस शिवाजी महाराजांनीं पाठविलेलें पत्र. सुहूर सन अर्बा सबैन व अलफ, म्हणजे इ. स. १६७३-७४, असा त्याचा काल आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं तें प्रसिद्ध केल्यापासून आजतागायत रयतेविषयींच्या कळवळ्याचें उदाहरण म्हणून तें शेंकडों वेळां उद्धृत झालें आहे, आणि तें योग्यच आहे. तथापि हें पत्र मूलतः पावसाळ्यांतील पागेच्या व्यवस्थेचें पत्र आहे, ही गोष्ट त्या गौरवांत मागें पडते.

पत्राचा आशय पाहावा. लष्करास घाटावर जाण्याचा अवसर उरला नाहीं म्हणून छावणी चिपळुणांत करावी लागली आहे. पावसाळ्यासाठीं दाणा, रतीब व गवत यांचा संग्रह केलेला आहे. तो आहे तोंवर मनास येईल तसा खर्चिलात, तर भर पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं, उपास पडतील, घोडीं मरूं लागतील, आणि तीं तुम्हीच मारिलीं असें होईल. मग शिपाई कुणब्याच्या घरीं दाणा, गवत, जळण, भाजी मागूं लागतील. कुणबी परागंदा होतील. आणि मोगलांहून तुम्हीच अधिक अशी त्यांची भावना होईल. यासाठीं रोजचा रतीब मोजून द्यावा व पावसाळा अखेरपर्यंत पुरवावा. येथपर्यंतचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे.

पुढचा भाग अग्नीविषयीं आहे. कोणी चूल पेटवील, कोणी आगटी करील, कोणी चिलमीसाठीं विस्तव नेईल. गवत कोठें पडलें आहे, वारा कसा आहे, हें पाहणार नाहीं. एका खणास आग लागली कीं सारे खण जळतील; गवताच्या गंजी जातील. मग कोणास कितीही शिक्षा केली, तरी पावसाळ्यांत नवा खण उभारण्यास एक लाकूडही मिळणार नाहीं. रात्रीं दिवा जळता ठेवला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. हा बारकावा वाचून राज्यकर्त्याच्या दृष्टीचें कौतुक वाटतें.

येथें मला एक अनुमान मांडावयाचें आहे. ज्या चिपळुणांत वर्षांत १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, तेथें ओलें घोडें, ओलीं खोगिरें व ओले लोक वाळविण्याचा सोपा उपाय म्हणजे शेकोटी. परंतु गवती खण आणि गवताच्या गंजी यांच्याजवळ शेकोटीस मनाई. आणि ती मनाई सर्वथा योग्य. मग घोडा वाळवावयाचा कशानें? उत्तर एकच राहतें : हातानें, कोरड्या गवताच्या बोळ्यानें, खराऱ्यानें आणि लोंकरी पांघरुणानें. पत्रांत झुलीचें नांव नाहीं. परंतु जेथें विस्तव वर्ज्य झाला, तेथें माणसाच्या हाताचें व घोंगडीचें काम वाढलें, हें सांगावयास वेगळें कलम लागत नाहीं. ज्या काळजीनें महाराज विस्तव आवरतात, ती काळजी मोतद्दाराच्या दोन हातांवर येऊन पडते.

वैरणीचा मुद्दाही याच प्रकाशांत पाहिला पाहिजे. आजचें पशुवैद्यक असें सांगतें, कीं घोड्याच्या मोठ्या आंतड्यांत चाऱ्याचा काष्ठमय अंश आंबतो, व त्या क्रियेंत सतत उष्णता निर्माण होते. गारठ्यांत दाण्यापेक्षां कोरडी वैरण त्यास अधिक ऊब देते. म्हणजे रतीब मोजून पावसाळ्याच्या अखेरपर्यंत पुरवा, ही आज्ञा केवळ काटकसरीची नव्हे. घोड्याच्या आंतली झूल विरूं देऊं नका, असाच तिचा अर्थ होतो. उपाशी घोड्यावर चार झुली टाकल्या तरी तो कुडकुडतो. पोटभर वैरण मिळालेला घोडा कोरड्या ठाणांत उघड्या पाठीनें सुखानें उभा राहतो. १७६० च्या हिवाळ्यांत पानिपतावर आपल्या घोड्यांची जी दैना झाली, तिचें मूळ वैरण तुटण्यांत होतें, हें येथें स्मरावें.

(५)

मग झुलीचें काम तें कोणतें? आमच्या भागांत पावसाळ्यांत हवा गार असली, तरी पाणी गोठविणारी थंडी नसते. निरोगी, कोरड्या व पोट भरलेल्या घोड्यास त्या हवेंत झुलीची गरज बहुधा पडत नाहीं. त्याचा केंस हीच त्याची नैसर्गिक घोंगडी. केंस उभा राहून त्यांत हवा सांठते व ऊब टिकते. परंतु तो केंस भिजून अंगास चिकटला, कीं ही सोय नाहींशी होते. म्हणून झुलीची खरी वेळ म्हणजे भिजलेला अथवा घामेजलेला घोडा ठाणावर आल्यापासून तो वाळेपर्यंतची; शिवाय म्हातारा, आजारी, रोडावलेला व नुकता केंस कातरलेला घोडा यांस ती रात्रीं लागते. यापलीकडे झूल घालणें म्हणजे बहुशः मोतद्दारानें आपला आळस झांकणें होय.

ओल्या अंगावर झूल तशीच टाकली, तर ओल आंत कोंडते. यावर जुना व सोपा उपाय असा, कीं प्रथम बोळ्यानें केंसांच्या उलट दिशेस चोळून पाणी काढावें, मग पाठीवर कोरड्या गवताचा पातळ थर द्यावा, व त्यावर झूल सैल टाकावी. गवतांतून वाफ वर निघते, ती झुलीच्या बाहेरच्या अंगावर दंवासारखी जमते, आणि घोड्याचें अंग कोरडें होतें. त्यानंतर ती दमट झूल काढून दुसरी घालावी किंवा पाठ उघडी ठेवावी. विलायतेंतील तबेल्यांत हीच रीत चालते. आणि जेथें गवत, घोंगडी व विचारी माणूस आहे, तेथें ती कोणी शिकविल्यावांचूनही सुचण्याजोगी आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, प्रत्येक घोड्यास एक झूल पुरत नाहीं. एक अंगावर व एक वळणीवर, अशा दोन लागतात. दुसरी, झूल रोज काढलीच पाहिजे. सकाळीं ती काढून अंगास खरारा करावा, खांद्याचा व मानेच्या मुळाशीं असलेल्या उंचवट्याचा केंस घासला आहे काय तें पाहावें, तंगाखालीं हात घालून कातडी चाचपावी, आणि झूल झटकून उलटी करून वाऱ्यावर टाकावी. आठ आठ दिवस न काढलेल्या ओल्या झुलीखालीं केंस पुंजक्या-पुंजक्यांनीं खपल्यांसह निघून येतात. हा डर्मॅटोफिलस नांवाच्या जंतूचा रोग असून, त्याचें पहिलें वर्णन १९१५ सालीं बेल्जियन काँगोंत झालें. जंतूचें नांव आपल्या सलोत्र्यांस ठाऊक नव्हतें. पण ओल, घाम व कोंडमारा यांनीं कातडी बिघडते, हें जाणण्यास सूक्ष्मदर्शक यंत्राची आवश्यकता नव्हती. सारांश, झूल घालण्याच्या ज्ञानापेक्षां ती काढण्याचें ज्ञान अधिक मोलाचें आहे.

वस्त्र कोणतें, याविषयीं आमच्या प्रांतास परमेश्वरानें व धनगरानें तयार उत्तर दिलें आहे. दख्खनी मेंढीच्या काळ्या जाड लोंकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पावसांत माणसाच्या डोक्यावर खोळ म्हणून चालते. तीच घोड्याच्या पाठीवरही चालते. लोंकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकें पाणी शोषूनही अंगास ओली लागत नाहीं, व दमट असतांही ऊब देते. कापसास हे दोन्ही गुण नाहींत. हातकणंगले तालुक्यांतील पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेंत भंडारा व खोबऱ्याबरोबर लोंकरही उधळतात. ज्या मुलुखांत लोंकर देवास वाहण्याइतकी आपली आहे, त्या मुलुखाच्या पागांनीं पावसाळी पांघरुणासाठीं दूर जावें कशाला? जातां जातां संग्राहकांसाठीं एक सूचना : आमचें कोडोली पन्हाळा तालुक्यांतील, पट्टणकोडोली निराळें, साताऱ्याजवळही एक कोडोली आहे. जुन्या कागदांत नुसतें 'कोडोली' आल्यास तर्फ व परगणा पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

(६)

आतां कागदांविषयीं. पागेचा बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा आणी. यावरून असें दिसतें, कीं बारगिराच्या घोड्याची झूल, तंग, आगाडी-पिछाडी हीं सरकारी खर्चांत पडावीं, आणि शिलेदाराचीं त्याच्या घरखर्चांत. म्हणून शिलेदारी पथकांच्या सरकारी हिशेबांत झूल नाहीं, एवढ्यावरून ती वापरांत नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. ती त्या घराण्याच्या खाजगी वह्यांत शोधली पाहिजे. कागदांत झूल आली, तर ती कशाची हें पाहावें. जरतार, मखमल असेल तर ती स्वारीची. कांबळें, घोंगडी असेल तर ती ठाणाची. बनात व सकलाद दोन्ही ठिकाणीं संभवतात. नोंदीचा महिनाही पाहावा. दसऱ्याच्या आधींची खरेदी आणि मृगाच्या आधींची खरेदी यांचे हेतु भिन्न असण्याचा संभव अधिक. मृगाच्या आधीं गवत, बांबू, सुंभ, शाकारणीची मजुरी व कांबळीं हीं एकत्र दिसलीं, तर ती पागेची पावसाळी तयारी समजावी.

हे कागद कोणी छापीत नाहीं. पेशवे दप्तराच्या हजारों रुमालांतून सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ भाग निवडून काढले, ही त्यांची अलौकिक कामगिरी होय. पण निवड म्हटली कीं राहिलेलें पुष्कळच. पुण्यांत पेशव्यांच्या हुजूरपागेच्या जागीं १८८४ पासूनची मुलींची शाळा आहे, व पागेचें नांव तिच्या रूपानें अभिमानानें नांदत आहे; पागेच्या दैनंदिन व्यवहाराकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. सनद, शिक्का, वतनाचा महजर हें आपल्या संग्रहांचें जरतार. झडत्या, रोजकीर्दी व किरकोळ खर्चाचे बंद म्हणजे खोगीरभरती! पण घोड्याची पाठ त्या भरतीनेंच वांचते, जरतारानें नव्हे, ही गोष्ट आपण विसरतों.

हें इतरांस सांगण्याचा अधिकार मला आहे तो माझ्या स्वतःच्या अपराधामुळें. पुष्कळ वर्षांपूर्वीं वारणेच्या खोऱ्यांतील एका जुन्या घराण्यानें एक रुमाल मजकडे वाचावयास दिला. त्यांत एक सनद होती व बाकी पागेकडील खर्चाचे बंद होते. मीं सनदेची नक्कल अक्षर न् अक्षर केली. बंदांवरून नजर फिरविली. झुली, कांबळीं, तंग असे शब्द दिसले. 'सवडीनें पाहूं' म्हणून ते बाजूस ठेविले. आषाढ लागला. घर गळतें म्हणून मीं तो रुमाल मोठ्या दक्षतेनें मेणकापडांत गच्च गुंडाळला, वरून दोरी आवळली, आणि दसऱ्यास सरस्वतीपूजनाच्या दिवशीं सोडला. आंत ओल कोंडली होती. सनदेचा कागद जाड व उत्तम, तो डाग पडून वांचला. बंद एकमेकांस चिकटून त्यांचा बुरशीनें लगदा झाला होता. ज्या माणसानें वर्गांत तीस वर्षें विद्यार्थ्यांस 'रक्षण' या शब्दाची व्युत्पत्ति सांगितली, त्यानें हें रक्षण केलें! त्या घराण्याच्या वृद्ध धन्यानें एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. 'गुरुजी, सनद राहिली ना, मग झालें,' एवढेंच म्हणाले. तें 'झालें' मला आजही टोंचतें. त्या बंदांत किती झुली होत्या, कोणत्या महिन्याच्या होत्या, कांबळीं कोणत्या गांवाहून आलीं होतीं, हें मीं टिपलें नाहीं. म्हणून या लेखांत त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करण्याचा हक्क मीं गमावला आहे, आणि वर जेथें निश्चयानें लिहावयास हवें होतें तेथें 'संभव' व 'अनुमान' असे शब्द घालावे लागले आहेत.

पुढें घोड्यांच्या निगेविषयीं वाचूं लागलों, तेव्हां माझी चूक कोणती तें उमगलें. ओल्या हवेंत गच्च पांघरूण घालून निश्चिंत होणें, हीच ती चूक. रुमालासही श्वास लागतो. त्यासही सुती, सैल व धुतलेलें वस्त्र हवें, भुईपासून उंच जागा हवी, वारा हवा. आणि उघडीप मिळेल त्या दिवशीं तो सोडून, झटकून, सावलींत वाऱ्यावर ठेवून पुन्हां बांधणारा माणूस हवा. पावसाळाभर न सोडलेला रुमाल आणि आठ दिवस न काढलेली झूल यांची गति एकच.

माझी संग्राहक बंधूंस विनंति एवढीच आहे. आपल्याजवळील रुमालांत पागेचे, तबेल्याचे, वैरणीचे, शाकारणीचे बंद असतील, तर ते निरुपयोगी समजून वेगळे काढूं नयेत. निदान त्यांतील महिना, वस्तु, नग, किंमत व गांव एवढीं पांच कलमें टिपून ठेवावीं. अशा पांच-पंचवीस याद्या निरनिराळ्या प्रांतांतून एकत्र आल्या, तर घाटावरच्या व कोंकणांतल्या पागा पावसाळा कसा काढीत, झूल लोंकरीची कोठपर्यंत व रुईची कोठून पुढें, आणि एका घोड्यामागें किती, हें अनुमानानें नव्हे तर प्रमाणानें सांगतां येईल. दसऱ्यास सीमोल्लंघन करणाऱ्या लष्कराचा इतिहास आपण पुष्कळ लिहिला. तें लष्कर दसऱ्यापर्यंत ज्यांनीं जगविलें, त्यांचे हिशेब अद्याप रुमालांत बांधलेले आहेत. ते येत्या पावसाळ्याच्या आधीं सोडावे.